ओल्या लाकडाची चाचणी

गडचिरोली
ता. १९ जुलै २०२५, शनिवार

रिना,

अन् वरून फोनवर म्हनते, "मावशी, शेगडीचं तोंड साफ ठेव." शेगडीचं तोंड चकचकीत हाय, माहं काळं झालं. तेवढं बोलून तुहा फोन कटला तो आज चवथा दिवस, लागूनच नाई राह्यला. म्हनून कागद लिवतो. पोचू भाऊ कंडक्टर आता भामरागडच्या गाडीवर हाय, त्याच्या हाती देतो. मी तिसरी शिकली हे तुले मालूम हाय. चुका काढत बसू नको, मतलब पाह्य.

काल दुपारी तुह्या त्या बिनधुराच्या शेगडीचा सारा धूर लेकराईच्या वार्डात गेला. आपल्या खानावळीच्या शेडची पाठ अन् वार्डाची खिडकी, मधात सात पावलं. सिस्टर धावत आली. "केसरबाई, काय जाळून राह्यल्या? टायर?" मी म्हटलं, "टायर नाई वो माय, भात शिजून राह्यला." तीन सालाचं एक लेकरू, नाकाले नळी लागलेलं, असं खोकललं का त्याची माय खिडकीतून मले पाहूनच राह्यली. शिवी देती तर बरं होतं. ती बाई सकाळीच आमच्या इथी जेवून गेली होती, मोळी देऊन.

आमची रीत तुले सांगा लागते का? कॉलेजची तीन सालं तू याच शेडात जेवली. ज्याच्याजवळ पैसा हाय तो पैसा देते, नाई त्यानं लाकडाची मोळी टाकावं अन् ताटावर बसावं. जंगलातून आलेला मानूस, त्याचा पेशंट पंधरा पंधरा दिवस पडला राह्यते, तो काय देईन? दवाखान्याच्या मांगून फिरते, काड्या वेचते, आनून टाकते. आता आखाड लागला. कोरडी मोळी कोन आनीन, आभाळ?

मे महिन्यात तूच आली होती तुह्या संस्थेच्या साहेबासंगं तीन शेगड्या घेऊन. दवाखान्यानं सांगतलं होतं, जूनपासून भिंतीच्या आत धूर नाई पायजे, मंजुरीच्या यादीतली शेगडी असन तर शेड ठेवा, नाई तर उचला. एक धुराड्याची, इटा-सिमिटाची. एक पंख्याची, बॅटरीवाली. अन् हे लोखंडाचं, बारक्या तोंडाचं. माह्यासंगं सैपाक करनारी सोनीबाई तवाच म्हने, धुराड्याची घेऊ, धूर वरतून जाईन. तू म्हनली धुराड्यासाठी टीन फोडा लागते, परवानगी अटकन. पंख्याची बॅटरी लाइन गेली का चारज होत नाई. "मावशी, ही तिसरी घे, हिचा धुराचा आकडा मशीनवर सगळ्यात कमी आला." मी म्हटलं पोरगी शिकली हाय, तिले समजते. अन् दोन मातीच्या चुली मी माह्या हातानं सबलीनं फोडल्या. बारा सालाच्या चुली.

आता चूल नाई, अन् हे लोखंड दिवसभर फसफस करते. काय करू ते लिव. तुह्या साहेबाले इचार अन् लिव. पोचू भाऊ उलट्या गाडीनं आनते म्हने.

जय भीम खालती लिवतो, वरतं लिवाची इच्छा नाई झाली. जय भीम.

केसरबाई

⁂

भामरागड
दि. २४ जुलै २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. इथला टॉवर बंद आहे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की आम्ही इकडचे इकडेच. पोचूभाऊ परवा आले ते दोन दिवस इथेच अडकले होते, त्यामुळे उत्तराला वेळ झाला. रागावू नकोस.

मावशी, घाबरण्यासारखं काही नाही. नव्या शेगडीला सुरुवातीला सगळीकडे असाच त्रास होतो, कारण आपली सवय जुन्या चुलीची असते. लाकूड अंगठ्याएवढं बारीक फोडायचं. एका वेळी तीन-चार काड्याच, तोंड ठासून भरायचं नाही. खालून हवेला वाट राहिली पाहिजे, म्हणून राखड दर दोन तासांनी काढायची. आणि ओलं लाकूड आदल्या दिवशी शेगडीच्या वर टांगून सुकवायचं. एवढं केलं की धूर राहणार नाही.

आमचे सर म्हणतात, दोष शेगडीत नसतो, वापरात असतो. मला ते अगदीच पटतं असं नाही, पण या शेगडीच्या बाबतीत खरं आहे. उन्हाळी आणि पावसाळी, दोन्ही चाचण्यांत ती उत्तीर्ण झाली आहे. त्याच अहवालावर इकडे चाळीस गावांतल्या अंगणवाड्यांना हीच शेगडी मंजूर झाली. मी सध्या तेच वाटप करते आहे. डोंग्यात घालून शेगड्या नदीपार नेतो, तुला हसू येईल.

एक विनंती आहे. दवाखान्यात कुणाला काही लिहून देऊ नकोस. घरातली गोष्ट आहे, घरात सुटेल. पाणी उतरलं की मी स्वतः येते आणि दोन दिवस तुझ्याजवळ बसून शिकवते.

डोळ्यांत थेंब घाल. सोनीबाईंना नमस्कार.

तुझी,
रिना

⁂

गडचिरोली
ता. २९ जुलै, मंगळवार

रिना,

मले शिकवाले येतो म्हनते. बारा साल मी रोज साठ मानसाचा भात शिजवला, अन् तू मले इस्तो पेटवनं शिकवशीन.

तरी तू सांगतलं ते सारं केलं. अंगठ्यायेवढ्या काड्या. सोनीबाई पहाटपासून कुराड घेऊन बसली, दुपारी तिच्या हाताले फोड. ती म्हने, "बाई, इतक्या बारीक काड्या तर आमी दाताले घासतो." राखड काढली. तोंड ठासलं नाई. लाकूड शेगडीवर टांगून सुकवलं, तर त्याचं पानी टपटप वरनात. एक म्हातारा जेवता जेवता म्हने, "आज वरनाले जंगलाची चव हाय." सारे हसले. मी नाई हसली. धूर होता तेवढाच होता.

आता मुद्द्याचं.

सोमवारी दवाखान्याच्या ऑफिसात बोलावलं. मॅडम बोलाले वाईट नाई. बसा म्हनली, पानी देल्लं. म्हने, "केसरबाई, अठरा ऑगस्टले कमिटी बसनार हाय. वार्डाची तक्रार आली. शेगडी खराब असन तर तसं सांगा, आमी संस्थेले लिवून धुराड्याची मागून घेऊ, टीन फोडाची परवानगी मी देतो. पन शेगडी चांगली अन् तुमी तिच्यात वाट्टेल ते जाळून राह्यल्या असान, तर शेड उचला लागन. लेकराईचा वार्ड हाय."

मी म्हटलं, मॅडम, शेगडीच खराब हाय. पावसात ते चालतच नाई.

तवा तिनं फाइल उघडली. एक कागद माह्यापुढं सरकवला. म्हने, "मंग हे काय लिवून देल्लं तुमी?"

मी हळू हळू वाचलं. पावसाळी चाचनी. ता. दहा जुलै. जागा, दवाखान्यामांगची खानावळ. लाकूड, ओलं. धूर, नगन्य. मले त्या शब्दाचा मतलब इचारा लागला. मॅडम म्हने, "नगन्य म्हनजे नसल्यासारखा." अन् खालती सही. केसरबाई.

दहा जुलैले माह्या शेडात कोनी नाई आलं. ना तू, ना तुहा साहेब, ना ते धूर मोजाची मशीन. दहा जुलैले माह्ये डोळे इतके सुजले होते का सोनीबाईनं भाकरी थापल्या.

अन् ती सही माही नाई. मी पाह्यली तशीच समजली. माही सही लाइनीवर राहत नाई, खालती घसरत जाते, तुले मालूम हाय. तूच शिकवली होती, दहावीत होती तवा, बचत गटाचं खातं काढाचं होतं म्हनून. पेन्सिलीनं टिपके मारून देत होती अन् मी त्यावरतून गिरवत होती. कागदावरची सही लाइनीवर सरळ बसली हाय. माही सही कोनीतरी माह्यापेक्षा चांगली केली.

मॅडम म्हने, "तुमची नाई का?"

  रिना, माही हाय म्हटलं असतं तर मी खोटी, अन् माही नाई म्हटलं असतं तर... मंग कोनाची, ते मॅडमनं इचारलं असतं. मी म्हटलं, पाहून सांगतो. ती म्हने, "सही पाहून सांगा लागते का?" अन् हसली.

तू कागदात लिवलं, दोन्ही चाचन्यात उत्तीर्न झाली. दुसरी चाचनी कवा झाली? दहा जुलैले तू कुठी होती? दोनच सवाल हाय. दोनाचं उत्तर दे, बाकी माया नको लावू.

केसरबाई

⁂

गडचिरोली
ता. ४ ऑगस्ट, सोमवार

रिना,

पोचू भाऊ म्हने कागद तुह्या हाती देल्ला. तू गाडीच्या दाराशी उभ्यानंच वाचला, घडी केली, अन् म्हनली, "उत्तर नाही." भाऊनं इचारलं, मावशीले काय सांगू? तर म्हनली, "कामात आहे सांगा."

मले कामात आहे सांगते. तुही माय वडस्यावरून तुले इथी सोडून गेली तवा तू तापानं फनफनली होती, अन् मी कामातच होती, तरी तुले पाठीवर घेऊन याच दवाखान्यात लाइनीत उभी राह्यली. हे बोलून दाखवाचं नव्हतं. तूच बोलाले लावलं.

काल एक लेकरू दुसऱ्या वार्डात हलवलं. धुरानंच हलवलं असं कोनी म्हनत नाई. कोनी नाई म्हनत, म्हनून मले जास्त लागते.

गावच्या बाया येते, इचारते, "बाई, मोळी घेता ना?" मी घेतो. घेतलेलं जाळाले भीती वाटते, अन् नाई म्हनाले तोंड उघडत नाई. शेडाच्या मांगं मोळ्यायचा ढीग माह्यायेवढा झाला.

हा कागद भाऊ हातात नाई देनार. वाचून दाखवीन, गाडीत, साऱ्याईपुढं. मंग पाहू कामात राह्यतं का कोनी.

केसरबाई

⁂

भामरागड
दि. ७ ऑगस्ट २०२५

मावशी,

पोचूभाऊंनी वाचून दाखवलं नाही. म्हणाले, "पोरी, मले नाई वाचवत, तूच वाच," आणि गाडी थांबवून धरली. लोक ओरडत होते. मी गाडीत चढले होते, खाली उतरून वाचलं.

सही मी केली.

दहा जुलैला मी इथेच होते. चार तारखेला पाणी आलं, रस्ता बंद झाला. पावसाळी चाचणीसाठी मला तुझ्याकडे यायचं होतं, मशीन माझ्याच पिशवीत होतं. अहवाल दहा तारखेला द्यायचा होता. नाही दिला तर यादीतून शेगडी गळणार, आणि इकडचं वाटप थांबणार. एक दिवस रेंज आली तेव्हा सरांचा फोन लागला. ते म्हणाले, "मावशीच आहे ना तुझी? तिला विचार आणि भर." तुझा फोन लागला नाही. मी भरला. पाणी उतरल्यावर, दहाचीच तारीख घालून, संस्थेच्या माणसाच्या हातून कागद पाठवला. मला वाटलं, उन्हाळ्यात आकडा इतका चांगला आला होता की पावसात थोडा वाढला तरी चालून जाईल. इतका वाढेल असं वाटलं नव्हतं.

मी तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. मन धजलं नाही. मला नोकरीत कायम करायचा कागद सरांच्या टेबलावर आहे. सप्टेंबरात सही होईल. त्यानंतर मी स्वतः सांगेन, शपथ.

पण मावशी, एक मी पण विचारते. मशीन खोटं बोलत नाही. मे महिन्यात तीन दिवस मी तुझ्या शेडात बसून धूर मोजला. तिन्ही शेगड्यांत आकडे चांगले आले, हिचा तर विश्वास बसेना इतका कमी. सर म्हणाले, असं लाकूड या जिल्ह्यात कुठे मिळतं? मी म्हटलं, मावशीच्या मोळ्या अशाच असतात. आता आठवते तेव्हा दिसतं, त्या तीन दिवसांत एकाही माणसाची मोळी तू शेगडीजवळ येऊ दिली नाहीस. सगळ्या मागे टाकायला लावल्या. तू काय जाळलंस मावशी? आणि का?

सगळा दोष माझ्यावर टाकण्याआधी एवढं सांग.

रिना

⁂

गडचिरोली
ता. १० ऑगस्ट, रविवार

रिना,

सांगतो. मी तुह्यासारखं सप्टेंबरापर्यंत नाई थांबत.

धावडा जाळला. दोन उनाळे सुकवलेला धावडा, साल काढलेला, घरच्या माळ्यावरून उतरवला. कोनाच्या घरी मरन असो, लगन असो, तवाच आमी तो काढतो. सोनीबाई बोललीच होती, "बाई, हा काऊन काढला? रोजचं जाळ ना, रोजचं पाहाले आले ते." मी तिच्यावर खेकसली. म्हटलं, शहरातून साहेब येऊन राह्यला, मशीन येऊन राह्यली, पाहुन्याच्या डोळ्यात धूर घालू का? आपल्यात पाहुना आला का बाई ओलं लाकूड चुलीत घालत नाई. माह्या सासूनं पयल्या दिवशी मले तेच शिकवलं. अन् त्यात तू साहेबासंगं येनार. मले वाटलं, साहेबाले दिसू दे, रिनाची मावशी कशी राह्यते. बस येवढंच. ते मोजाले आले, अन् मी पाहुनचार केला.

मशीन खोटं नाई बोलली, बरोबर. खोटं मी तिले खाऊ घातलं. हे मी कबूल करतो. काल सोनीबाईपुढं पन कबूल केलं. ती म्हने, "मंग मी का सांगत होती?" अन् लाकडं फोडाले लागली. 

पन आयक. मी चुकली ते मले मालूम नव्हतं म्हनून चुकली. मले वाटलं शेगडी पाहाले आले, लाकूड पाहाले नाई. तुले मालूम होतं. तू तीन साल या शेडात आखाडाचा धूर खाल्ला. परीक्षेच्या पुस्तकाले धुराचा वास येते म्हनून तूच रडली होती. त्या तीन दिवसांत धावडा पाहून तू एकदा तरी म्हनाचं होतं, मावशी, हे काय लाकूड हाय, मोळीतलं जाळ. तू नाई म्हनली. आकडा चांगला येऊन राह्यला होता. मले आता तेच खुपते. सही तू नंतर केली. ते तीन दिवस तू तिथी बसून पाहून राह्यली होती, अन् मी तुले चहा देऊन राह्यली होती.

अन् साहेब म्हनला इचारून भर, तर तू न इचारता भरला. फोन नाई लागला म्हनते. लागला असता तर मी काय म्हटलं असतं, तुले मालूम होतं. म्हनून तो फोन नाई लागला त्याचं तुले फार वाईट नसन वाटलं.

आता चाळीस गावाईत तू तेच लोखंड वाटून राह्यली. डोंग्यातून. तिथल्या बाया माह्या सहीवर ते घेऊन राह्यल्या. अंगनवाडीत लेकरंच बसते ना? दवाखान्यातल्या लेकराले खिडकी तरी लावता येते.

अठरा तारखेले सोमवारी बारा वाजता कमिटी हाय. मी जानार. मी सांगनार का मे महिन्यात मी लगनाचं लाकूड जाळलं, तो आकडा खरा नाई. ते माहं हाय, ते मी बोलनार. त्यानं शेड जाईन का राहीन, मले मालूम नाई. मॅडम म्हनन, लाकूड पन तुमीच बदलवलं अन् सही पन तुमचीच, मंग अजून काय राह्यलं? सहीबद्दल मी काही नाई बोलनार. ती माही नाई म्हटलं का दुसरा सवाल कोनाची, अन् त्याचं उत्तर माह्या तोंडून नाई निघनार. तुह्यासाठी नाई. तुही माय माही सख्खी बहीन हाय, तिच्यासाठी. अन् मी गप राह्यली तर शेड जाईन, सोनीबाईचं काम जाईन, अन् मोळी आननाऱ्याईचं ताट जाईन. म्हनून ते उत्तर तू देजो. तिथी उभी राहून, तुह्या तोंडानं.

तुही नौकरी जाईन, मले समजते. खोटं नाई सांगत का नाई जानार. गेली तर शेड राह्यलं असलं तर इथी ये, धुराड्याची शेगडी बसवाले कोनी शिकलेलं लागनच. शेड नाई राह्यलं तर मंग आपन दोघी बिनकामाच्या, तवा पाहू.

सप्टेंबराची शपथ मले नको. सप्टेंबरात कमिटी नाई.

पोचू भाऊची गाडी गुरुवारी, चौदा तारखेले, संध्याकाळी इथी येते. पानी चढलं असन तर तो नदीच्या अलीकडच्या नाक्यावर थांबते, तिथपर्यंत तू डोंग्यानं येऊ शकते. शेगड्या नेते ना डोंग्यातून, मंग सोताले पन आन. येत असशीन तर ये. नसशीन येत तर कागदावर एकच शब्द लिवून दे, येतो का नाई येत. लंबा कागद नको, सर काय म्हनते ते नको. गुरुवारच्या गाडीत ना तू, ना कागद, असं झालं तर मी समजीन का तू "नाई" म्हटलं, अन् शुक्रवारपासून मी तुले काही इचारनार नाई. कधीच नाई.

गुरुवार संध्याकाळ. मी स्टँडवर उभी राह्यतो.

केसरबाई